प्रोसेसला सिग्नल पाठवल्यावर नेमके काय घडते

सीप्झपासून ऐरोलीपर्यंतच्या कोणत्याही सॉफ्टवेअर कार्यालयात रात्री उशिरा लिनक्स सर्व्हरवरचा एखादा प्रोग्रॅम अडकला, की शेजारच्या टेबलावरून बहुधा एकच सल्ला येतो : "अरे, किल मायनस नाइन मार ना." सल्ला लागू पडतो, प्रोग्रॅम बंद होतो आणि घरी जाणारी शेवटची गाडी मिळते. त्यामुळे हे नऊ म्हणजे काय, त्याऐवजी दुसरा आकडा दिला असता तर काय झाले असते, आणि कधीकधी नऊ देऊनही प्रोग्रॅम जागचा का हलत नाही, हे प्रश्न मागेच राहतात. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय आहे. मात्र बँकर्स अल्गोरिदम आणि पेज रिप्लेसमेंटची गणिते विद्यार्थी जितकी घोटतात, तितकी सिग्नलची यंत्रणा घोटत नाहीत. नोकरीला लागल्यावर रोज गाठ पडते ती मात्र सिग्नलशीच.

सिग्नल म्हणजे एका प्रोसेसच्या (चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या) नावाने कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, नोंदवलेला एक लहानसा पूर्णांक. त्यात मजकूर नसतो, कारण नसते आणि उत्तराची अपेक्षाही नसते. लिनक्सवर १ ते ३१ हे नेहमीचे सिग्नल असून प्रत्येकाला नाव आहे : १ म्हणजे सिगहप, २ म्हणजे सिगइंट, ९ म्हणजे सिगकिल, ११ म्हणजे सिगसेग्व्ही, १५ म्हणजे सिगटर्म. काही आकडे सर्व युनिक्स प्रणालींवर सारखे आहेत, तर काही प्रणालीनुसार बदलतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये आकड्याऐवजी नाव लिहिणे केव्हाही बरे. किल ही कमांड यांपैकी कोणताही सिग्नल पाठवू शकते आणि आकडा दिलाच नाही तर ती १५ पाठवते. शून्य दिले तर काहीच पाठवले जात नाही. ती प्रोसेस अस्तित्वात आहे का आणि तिला सिग्नल पाठवण्याचा आपल्याला अधिकार आहे का, एवढेच तपासले जाते. हा अधिकार साधारणपणे आपल्याच खात्याने चालवलेल्या प्रोसेसपुरता असतो, तर रूट वापरकर्त्याला तो सर्वांवर असतो.

सिग्नल माणसानेच पाठवावा असे नाही. टर्मिनलवर कंट्रोल धरून सी दाबले की ते अक्षर टर्मिनलची जबाबदारी सांभाळणारा कर्नलचा भाग ओळखतो आणि त्या वेळी समोर चालू असलेल्या संपूर्ण प्रोसेस गटाला सिगइंट पाठवतो. तीन कमांड पाइपने, म्हणजे एकीचे आउटपुट दुसरीला पुरवून, जोडून चालवल्या असतील तर एका दाबात तिन्ही थांबतात, त्याचे कारण हेच. व्हीआयसारखा संपादक टर्मिनलची ही सोय बंद करून किंवा तो सिग्नल स्वतः हाताळून आपले काम चालू ठेवतो. प्रोग्रॅमने स्वतःच्या हद्दीबाहेरच्या स्मृतीला हात लावला की प्रोसेसर अपवाद उभा करतो, ताबा कर्नलकडे जातो आणि कर्नल त्याच प्रोसेसला सिगसेग्व्ही देतो. अपत्य प्रोसेस संपली की जनक प्रोसेसला सिगचाइल्ड मिळतो, लावलेला गजर वाजला की सिगअलार्म मिळतो, आणि ज्या पाइपच्या दुसऱ्या टोकाला वाचणारा कोणी उरलेला नाही तिच्यात लिहिले की सिगपाइप मिळतो. पूर्णांकाला शून्याने भागले तर इंटेल प्रोसेसरवर मिळणाऱ्या सिग्नलच्या नावात मात्र अपूर्णांकांच्या गणिताचा उल्लेख आहे. जुन्या प्रणालींत अशा विसंगती टिकून राहतात आणि पुढे त्यांना कोणी हात लावत नाही.

सिग्नल पाठवणे आणि तो पोहोचणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि सिग्नलविषयीचे बहुतेक गोंधळ त्या एकच मानल्यामुळे होतात. कर्नल प्रत्येक प्रोसेससाठी तीन गोष्टी सांभाळतो : कोणते सिग्नल आलेले आहेत पण अजून हाताळलेले नाहीत याचा एक संच, कोणते सिग्नल सध्या अडवून ठेवायचे आहेत याचा दुसरा संच, आणि कोणत्या सिग्नलवर काय करायचे याचा तक्ता. सिग्नल पाठवणे म्हणजे पहिल्या संचातला एक बिट शून्याचा एक करणे, आणि लक्ष्य प्रोसेस झोपलेली असेल तर तिला उठवणे. पाठवणाऱ्याचे काम तिथे संपते. तो बिट पाहिला जातो ती वेळ मात्र ठरलेली असते : प्रोसेस काही कारणाने कर्नलमध्ये गेलेली असते आणि तिथून स्वतःच्या कोडकडे परतण्याच्या बेतात असते, त्या उंबरठ्यावर कर्नल हा संच तपासतो. प्रोसेसने सिस्टिम कॉल करून कर्नलकडे एखादे काम मागितले असेल तर त्यातून परतताना ही तपासणी होते. ती कोणताही कॉल न करता नुसती गणिते करत बसली असेल, तरी घड्याळाचा इंटरप्ट तिला वरचेवर कर्नलमध्ये आणतोच आणि परतीच्या वाटेवर तपासणी होते.

नोंद एका बिटाची असल्यामुळे तीच नोंद दुसऱ्यांदा करता येत नाही. इमारतीतल्या लिफ्टचे बटण एकदा पेटल्यावर आणखी चारदा दाबले तरी लिफ्ट त्या मजल्यावर एकदाच थांबते. नेहमीच्या सिग्नलचे तसेच आहे. जनक प्रोसेस कामात असताना पाच अपत्ये लागोपाठ संपली, तर तिला सिगचाइल्ड एकदाच मिळण्याची शक्यता असते. म्हणून "एक सिग्नल आला म्हणजे एक अपत्य संपले" असे गृहीत धरणारा कोड चाचणीत चालतो आणि खऱ्या गर्दीत फसतो. अशा वेळी, संपलेले एकही अपत्य शिल्लक नाही असे उत्तर मिळेपर्यंत वेटपीआयडी हा कॉल पुन्हा पुन्हा करावा लागतो. ज्यांना खरोखरच मोजदाद हवी असते त्यांच्यासाठी रिअल टाइम सिग्नलांची वेगळी श्रेणी आहे. ते रांगेत उभे राहतात, सोबत एक छोटी संख्याही आणू शकतात, आणि त्यांच्यातला लहान आकड्याचा सिग्नल आधी पोहोचतो. लिनक्सवर सामान्य प्रोग्रॅमना ते ३४ पासून ६४ पर्यंत वापरता येतात.

दुसरा संच, म्हणजे अडवलेल्या सिग्नलांचा, प्रोग्रॅमच्या हाती असतो. एखादी यादी बदलत असताना मध्येच व्यत्यय नको असेल तर प्रोग्रॅम सिग्नल अडवतो, बदल पूर्ण करतो आणि अडथळा काढतो. त्या काळात आलेला सिग्नल हरवत नाही; तो प्रलंबित राहतो आणि अडथळा निघताच पोहोचतो. एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा, असतील तर अडवण्याचा संच प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो, पण काय करायचे हा तक्ता सर्वांचा मिळून एकच असतो. संपूर्ण प्रोसेसला उद्देशून आलेला सिग्नल तो न अडवलेल्या कोणत्याही एका थ्रेडच्या वाट्याला जाऊ शकतो.

तक्त्यात प्रत्येक सिग्नलसमोर तीनपैकी एक नोंद असते : दुर्लक्ष करणे, ठरलेली कृती होऊ देणे, किंवा प्रोग्रॅमने स्वतः लिहिलेले फंक्शन चालवणे. या फंक्शनला हँडलर म्हणतात. ठरलेली कृती बहुतेक सिग्नलांसाठी प्रोसेस संपवण्याची आहे; काहींसाठी संपवताना स्मृतीची प्रत फाइलमध्ये ठेवण्याची, काहींसाठी प्रोसेस थोपवून धरण्याची, तर सिगचाइल्डसारख्या सिग्नलांसाठी काहीच न करण्याची आहे. सिगकिल आणि सिगस्टॉप या दोघांसमोरची नोंद मात्र प्रोग्रॅमला बदलता येत नाही आणि त्यांना अडवताही येत नाही. प्रशासकाच्या हाती शेवटचा उपाय उरावा म्हणून ही सोय आहे.

हँडलर चालवण्याची पद्धत मुळातून पाहण्यासारखी आहे. परतीच्या उंबरठ्यावर असलेल्या प्रोसेसला हँडलर लावलेला सिग्नल आलेला दिसला की कर्नल तिच्या प्रोसेसरच्या रजिस्टरांतली सगळी स्थिती तिच्याच स्टॅकवर उतरवून ठेवतो आणि पुढची सूचना जिथून घ्यायची तो पत्ता बदलून हँडलरचा करतो. प्रोसेस कर्नलबाहेर येते ती थेट हँडलरमध्ये. हँडलर संपला की आधीच मांडून ठेवलेल्या लहानशा कोडमार्फत सिगरिटर्न हा सिस्टिम कॉल होतो, कर्नल उतरवून ठेवलेली स्थिती परत चढवतो आणि मूळ कोड जिथे तुटला होता तिथून पुढे चालू लागतो. मधल्या काळात काही घडले याचा त्या कोडला पत्ताही नसतो. तुटण्याची जागा कोणत्याही दोन यंत्रसूचनांच्या मध्ये असू शकते, आणि सगळी जोखीम तिथेच आहे.

समजा, मुख्य कोड मॅलॉककडून स्मृती मागत आहे. मॅलॉकने आपल्या मोकळ्या तुकड्यांच्या यादीला कुलूप लावले आहे आणि यादीतले दुवे अर्धे बदललेले आहेत. नेमक्या त्या क्षणी सिग्नल पोहोचतो आणि हँडलरही मजकूर छापणारे प्रिंटएफ किंवा मॅलॉक वापरतो. कुलूप मुख्य कोडकडे आहे, मुख्य कोड हँडलर संपण्याची वाट पाहत आहे आणि हँडलर कुलूप उघडण्याची वाट पाहत आहे. प्रोसेस कायमची गोठते. कुलूप नसते तर अर्धवट यादीवर दुसरा बदल होऊन स्मृतीचा विचका झाला असता, आणि ते अधिक वाईट. म्हणूनच हँडलरमधून बिनधोक वापरता येतील अशा फंक्शनांची यादी युनिक्स प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाने दिलेली आहे. तिच्यात राइट आहे, मॅलॉक नाही, प्रिंटएफ नाही.

ही चर्चा पुस्तकी वाटणाऱ्यांसाठी २०२४ सालचे एक उदाहरण पुरेसे आहे. जगभरच्या सर्व्हरांवर दूरस्थ लॉगिनसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅममधला गंभीर दोष क्वालिस या सुरक्षा कंपनीने १ जुलै २०२४ रोजी जाहीर केला. जोडणी करणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, म्हणजे बदल केलेला नसेल तर १२० सेकंदांत, ओळख पटवली नाही तर सर्व्हरला सिगअलार्म मिळत असे आणि त्याचा हँडलर लॉगमध्ये नोंद करण्यासाठी सिसलॉग हे फंक्शन वापरत असे. जीलिबसी या सी भाषेच्या मूलभूत लायब्ररीवर चालणाऱ्या लिनक्समध्ये ते फंक्शन आतून मॅलॉक आणि स्मृती परत करणारे फ्री वापरते. वेळ नेमकी साधून सिग्नल चुकीच्या क्षणी पडेल असे घडवले, तर हल्लेखोराला पासवर्डशिवाय थेट रूटचा ताबा मिळवण्याची वाट उघडत होती. असाच दोष २००६ साली सापडून दुरुस्त झाला होता. २०२० मध्ये लॉगिंगच्या कोडची पुनर्रचना करताना संरक्षण देणारी एक ओळ निघून गेली, आणि ८.५ आवृत्तीबरोबर दोष परत आला. ९.८ आवृत्तीत तो पुन्हा दुरुस्त झाला. ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीला मात्र झळ बसली नाही, कारण तिथे हँडलरमधून वापरण्यास सुरक्षित असे सिसलॉगचे वेगळे रूप वापरलेले होते. सुरक्षेला एवढे जपणाऱ्या प्रकल्पात हे घडू शकते, तर हँडलरमध्ये डेटाबेसची जोडणी बंद करणारा आणि ईमेल पाठवणारा कोड पाहून अंगावर काटा यायला हरकत नसावी.

उपाय तसा साधा आहे. हँडलरने एका खुणेच्या चलात "सिग्नल आला" एवढेच लिहावे आणि परतावे. उरलेले काम मुख्य लूपने सवडीने खूण पाहून करावे. मुख्य लूप नेटवर्कची वाट पाहत झोपलेला असेल तर खूण पाहणार कोण, या अडचणीवर डॅनियल बर्नस्टाइन यांची युक्ती प्रसिद्ध आहे : प्रोग्रॅमने स्वतःसाठीच एक पाइप उघडावी, हँडलरने तिच्यात एक बाइट लिहावा, आणि मुख्य लूपने इतर जोडण्यांबरोबर त्या पाइपवरही नजर ठेवावी. लिनक्सने २००७ साली कर्नलच्या २.६.२२ आवृत्तीत सिग्नलएफडी आणून हीच सोय थेट दिली. त्यात सिग्नल अडवून ठेवायचे आणि ते फाइलमधून वाचल्यासारखे वाचायचे. हँडलर लिहावाच लागत नाही. नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हाच मार्ग आधी पाहावा, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. प्रोसेस वाचनाच्या कॉलमध्ये थांबलेली असताना सिग्नल आला आणि हँडलर चालला, तर तो कॉल काहीही न वाचता "व्यत्यय आला" अशा त्रुटीसह परत येऊ शकतो. हँडलर नोंदवताना एसए रिस्टार्ट हा पर्याय दिला तर कर्नल बरेचसे कॉल आपणहून पुन्हा सुरू करतो, पण सगळे नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतल्या युनिक्समध्ये तर हँडलर एकदा चालला की त्याची नोंद पुसली जात असे, आणि ती परत करण्याआधी दुसरा सिग्नल आला तर प्रोसेसच संपत असे. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीने हे वर्तन सुधारले आणि १९८८ च्या पॉझिक्स मानकाने सिगअ‍ॅक्शन हा आजचा कॉल रूढ केला. जुना सिग्नल हा कॉल अजून आहे. नव्या कोडमध्ये त्याचे काम नाही.

आता पुन्हा नऊ आणि पंधराकडे. सिगटर्मसाठी प्रोग्रॅम हँडलर लिहू शकतो : नवी कामे घेणे थांबवावे, हातातली पूर्ण करावीत, बफरमधला मजकूर लिहून टाकावा, तात्पुरत्या फाइली काढाव्यात आणि मग संपावे. सिगकिल आल्यावर यातले काहीच होत नाही, कारण प्रोग्रॅमची एकही सूचना पुढे चालत नाही. कर्नल आपल्या ताब्यातल्या गोष्टी आवरतो. स्मृती परत घेतली जाते, उघड्या फाइली आणि जोडण्या बंद होतात, फाइलींवरची कुलपे सुटतात, आणि कर्नलकडे आधीच सोपवलेले लिखाण यथावकाश डिस्कवर जाते. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या बफरमध्ये पडून असलेल्या ओळी मात्र गेल्याच. एक बाब लक्षात ठेवावी : ज्या प्रोग्रॅमने सिगटर्मसाठी हँडलर लिहिलेलाच नाही, त्याला पंधरा पाठवले काय आणि नऊ पाठवले काय, तोही तितक्याच तडकाफडकी संपतो. सभ्यपणे बंद होणे ही कर्नलची देणगी नसून ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कमवावी लागते.

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हा फरक फार महाग पडू शकतो. त्याच्या मुख्य प्रोसेसला सिगटर्म दिल्यास जोडलेले सर्व वापरकर्ते आपणहून निघेपर्यंत तो थांबतो. सिगइंट दिल्यास चालू व्यवहार रद्द करून नीट बंद होतो. सिगक्विट दिल्यास ताबडतोब बंद होतो आणि पुढच्या वेळी सुरू होताना लॉगवरून दुरुस्ती करतो. बीकेसीतल्या एखाद्या बँकेत रात्रीच्या बॅचमधली एकच क्वेरी लांबली आणि कोणी तिच्या प्रोसेसला नऊ मारले, तर ती एकटी जात नाही. सामाईक स्मृती बिघडलेली असू शकते असे धरून मुख्य प्रोसेस उरलेल्या सगळ्या जोडण्या तोडते आणि संपूर्ण डेटाबेसची दुरुस्ती करून तो पुन्हा सुरू करते. एका क्वेरीसाठी सिगइंट पुरेसा असतो, आणि तो पाठवण्यासाठी पीजी कॅन्सल बॅकएंड हे फंक्शन डेटाबेसमध्येच आहे.

नऊ देऊनही प्रोसेस जात नसेल तर दोन शक्यता आधी तपासाव्यात. प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या पीएस कमांडमध्ये तिची स्थिती झेड दिसत असेल तर ती आधीच संपलेली आहे. जनक प्रोसेसने तिचा निकाल वाचेपर्यंत फक्त तिची नोंद उरलेली असते, आणि उपाय करायचा तो जनकावर. स्थिती डी असेल तर ती डिस्क किंवा नेटवर्कवरच्या फाइलीसाठी कर्नलच्या आत अशा झोपेत आहे, जिथून सिग्नल तिला उठवू शकत नाही. बिट लागलेला असतो, पण परतीचा उंबरठाच येत नाही. २००८ साली लिनक्सच्या २.६.२५ आवृत्तीत या झोपेचा एक सौम्य प्रकार आला; त्यातून प्राणघातक सिग्नलने तरी उठता येते.

कंटेनरच्या, म्हणजे प्रोग्रॅमला उरलेल्या मशीनपासून वेगळे ठेवून चालवणाऱ्या वेष्टनाच्या, काळात याच नियमांचा एक नवा पैलू रोज भेटतो. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाचा स्टॉप आदेश आधी सिगटर्म पाठवतो आणि १० सेकंदांनी सिगकिल. अनेक मशीनांवरचे कंटेनर सांभाळणारा कुबरनेटीस ३० सेकंद थांबतो. पण कंटेनरमधला पहिला प्रोसेस त्या कंटेनरपुरता क्रमांक १ असतो, आणि क्रमांक १ ने हँडलर लावलेला नसेल तर आतून आलेला कोणताही सिग्नल आणि बाहेरून आलेला सिगटर्म कर्नल त्याच्या बाबतीत सोडून देतो. त्यामुळे साध्या मशीनवर पंधराने क्षणात संपणारा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये दहा सेकंद ढिम्म बसून राहतो आणि मग नऊने जातो. प्रोग्रॅम शेल स्क्रिप्टमधून सुरू केला असेल तर क्रमांक १ शेलच, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, असतो, आणि तो सिग्नल पुढे पाठवत नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत एक्झेक वापरले की शेलच्या जागी प्रोग्रॅम स्वतः येतो. बंद झाल्यानंतरचा निकालही वाचायला शिकावा : शेलच्या रीतीने सिग्नलच्या आकड्यात १२८ मिळवतात, म्हणून १४३ म्हणजे पंधरा आणि १३७ म्हणजे नऊ. कोणीही हात लावलेला नसताना १३७ दिसले तर स्मृती संपल्यावर कर्नलनेच प्रोसेस निवडून संपवलेली असण्याची शक्यता आधी पाहावी.

एखाद्या चालू प्रोसेसने सिगटर्मसाठी हँडलर लावला आहे का, हे विचारायला तिच्या लेखकाकडे जावे लागत नाही. प्रोक निर्देशिकेत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखालच्या स्टेटस फाइलमध्ये सिगसीजीटी नावाची ओळ असते. ती हँडलर लावलेल्या सिग्नलांचा संच सोळाच्या पायावरच्या संख्येत दाखवते. सर्वांत उजवा बिट सिग्नल १ चा, त्याच्या डावीकडचा २ चा, असे मोजत जावे. तिथे ४००२ दिसले तर सिगइंट आणि सिगटर्म दोन्हींसाठी हँडलर आहेत, म्हणजे पंधरा पाठवून थोडे थांबण्यात अर्थ आहे. ओळीत सगळी शून्ये असतील तर थांबून काही मिळणार नाही.